लाइन थांबवण्याचा अधिकार

कारखान्यातले काम हाती घेताना स्त्रियांच्या मनात जी शंका येते, ती बहुतेक वेळा एकाच प्रश्नातून बाहेर पडते : ‘मला जमेल का?’ पिंपरी-चिंचवड आणि चाकण परिसरातल्या वाहन कारखान्यांत आज मोठ्या संख्येने तरुणी वायर हार्नेस जोडतात, बंपर बसवतात, नट आवळतात, तयार गाडी तपासून पुढे पाठवतात. त्यांतल्या बऱ्याच जणी मराठवाडा-विदर्भातल्या गावांतून आलेल्या, बारावी किंवा आयटीआय झालेल्या असतात. अनेकींच्या घरात त्यांच्याआधी कोणी बाई कंपनीत लागलेली नसते. घरी बिघडलेला पंखा भावाने उघडला आणि बहिणीने टॉर्च धरला, अशा वाढलेल्या मुलीला स्पॅनर हातात घेताना शंका वाटली तर त्यात तिच्या स्वभावाचा दोष काहीच नाही. तिला अनुभवच मिळालेला नसतो. तो मिळू लागला की शंका कशी ओसरते, हे या औद्योगिक पट्ट्यात अगदी जवळून पाहता येते.

आत्मविश्वासाचा शास्त्रीय अभ्यास करणाऱ्यांत अल्बर्ट बांडुरा हे नाव महत्त्वाचे आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या या मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये मांडलेला सिद्धान्त थोडक्यात असा : माणसाचा स्वतःवरचा विश्वास सरसकट नसतो, तो कामागणिक वेगळा असतो. चाळीस माणसांचा स्वयंपाक न डगमगता करणारी बाई बँकेत अर्ज भरताना घाबरते, ते यामुळेच. एखादे ठरावीक काम आपण करू शकू, ही खात्री बांडुरांच्या मते चार वाटांनी येते. ते काम स्वतः करून जमलेले असणे, ही पहिली आणि सर्वांत बळकट वाट. आपल्यासारख्याच माणसाला ते करताना पाहणे, ही दुसरी. ज्याच्या मताला आपण किंमत देतो अशा माणसाने ‘तुला जमेल’ म्हणणे, ही तिसरी. आणि त्या क्षणी शरीर-मन कोणत्या अवस्थेत आहे, ही चौथी. छातीत धडधडले की माणूस त्याचा अर्थ ‘मला येत नाही’ असा लावून मोकळा होतो. नुसत्या सकारात्मक विचारांच्या व्याख्यानांचा परिणाम आठवडाभरही का टिकत नाही, हे या क्रमावरून समजते. व्याख्यान तिसऱ्या वाटेवरचे, आणि तेही परक्या माणसाच्या तोंडून आलेले.

या पट्ट्याची घडण पुरुषांच्या हातून झाली. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना आला, १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, टेल्को (पुढची टाटा मोटर्स) आणि बजाज यांच्याभोवती शेकडो लहान-मोठी वर्कशॉप उभी राहिली. स्त्रिया होत्या, पण पॅकिंग, वायरिंग, तपासणी अशा कामांत. लेथ, प्रेस, असेंब्ली लाइन ही पुरुषांची जागा मानली जाई. ‘मशिनवर बाई’ ही कल्पनाच कारखान्यातल्या लोकांना पटत नसे, आणि बायकांनाही ते अनेक वर्षे खरेच वाटत राहिले.

या समजाला पहिला ठळक धक्का १९७४ मध्ये पिंपरीतच बसला. त्या वर्षी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या सूचनाफलकावर टेल्कोची तरुण अभियंते हवेत अशी जाहिरात लागली. तळाशी एक ओळ होती : स्त्रियांनी अर्ज करू नयेत. तिथे पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या सुधा कुलकर्णी, म्हणजे पुढच्या सुधा मूर्ती, यांनी थेट जेआरडी टाटांना पोस्टकार्ड लिहून याचा जाब विचारला. उत्तरादाखल मुलाखतीची तार आली आणि त्या टेल्कोच्या पिंपरी कार्यालयात दाखल झाल्या. त्या मुलाखतीबद्दल त्यांनी स्वतः लिहिलेली एक गोष्ट फार बोलकी आहे. आत शिरताच ‘जेआरडींना पत्र लिहिणारी मुलगी ती हीच’ अशी कुजबुज त्यांच्या कानावर पडली. आता नोकरी मिळणे शक्य नाही, असे त्यांनी मनाशी धरले, आणि त्यामुळे भीतीच उरली नाही. तांत्रिक प्रश्नांची उत्तरे त्या शांतपणे देत गेल्या. बांडुरांची चौथी वाट ती हीच. ज्ञान तेच होते, मनावरचा ताण तेवढा उतरला होता. त्या टेल्कोच्या शॉप फ्लोअरवरच्या पहिल्या स्त्री अभियंता ठरल्या.

या प्रसंगामागे जी तयारी होती ती मात्र सहसा सांगितली जात नाही. हुबळीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात सुधा कुलकर्णी एकट्या विद्यार्थिनी होत्या आणि तिथे मुलींसाठी स्वच्छतागृहसुद्धा नव्हते. पुरुषांच्या वर्गात अवघड विषय आपल्याला येतात, हे त्या पोस्टकार्ड लिहिण्याच्या कितीतरी आधी, वर्षानुवर्षे अनुभवत आल्या होत्या. पोस्टकार्ड लिहिणारी हिंमत त्या अनुभवातून आली होती.

त्याही आधी, १९६७ मध्ये, पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून लीला पूनावाला मेकॅनिकल इंजिनीअर होऊन बाहेर पडल्या. फाळणीत सिंधमधून निर्वासित होऊन आलेल्या कुटुंबातली ही मुलगी. दापोडीच्या आल्फा लावल कंपनीत त्या प्रशिक्षणार्थी म्हणून लागल्या आणि त्याच कंपनीच्या सर्वोच्च पदापर्यंत पोहोचल्या. १९८९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पुढे त्यांच्या नावाच्या फाउंडेशनने गरजू मुलींना शिष्यवृत्त्या द्यायला सुरुवात केली. १९९१ मध्ये महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेने कर्वेनगरला मुलींसाठी स्वतंत्र अभियांत्रिकी महाविद्यालय काढले, ते कमिन्सच्या नावाने ओळखले जाते. मुली शिकून तयार होऊ लागल्या होत्या.

तरीही असेंब्ली लाइनवर बायका दिसायला आणखी दोन दशके जावी लागली. त्याचे एक मोठे कारण कायद्यात होते. १९४८ च्या कारखाने कायद्यातल्या कलम ६६ नुसार स्त्रियांना संध्याकाळी सातपासून सकाळी सहापर्यंत कारखान्यात काम करायला बंदी होती. राज्य सरकारला वेळेत थोडी सवलत देता येई, पण रात्री दहा ते पहाटे पाच ही वेळ कोणत्याही परिस्थितीत बंद. तीन पाळ्यांत चालणाऱ्या कारखान्याला, रात्रपाळी करू न शकणारा कामगार अडचणीचा वाटणारच. महाराष्ट्राने २०१५ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून, सुरक्षेच्या अटी घालून, ही वाट मोकळी केली. २०१६ च्या अखेरीस बाजारात आलेली बजाजची डॉमिनार ही मोटारसायकल चाकणला स्त्रियांच्या लाइनवर तयार होऊ लागली. टाटा मोटर्सच्या पुणे कारखान्यात एप्रिल २०२० मध्ये १७८ स्त्रिया होत्या. दोन वर्षांत ही संख्या दीड हजारांवर गेली आणि हॅरियर-सफारीसाठी संपूर्ण स्त्रियांची लाइन सुरू झाली. दोन वर्षांत मुलींचा स्वभाव बदलत नसतो. बदलली ती भरतीची पद्धत, प्रशिक्षण आणि सोयी.

नव्याने लागलेली मुलगी थेट लाइनवर जात नाही. आधी तिला ‘डोजो’मध्ये पाठवले जाते. मूळचा जपानी असलेला हा शब्द चाकणमध्ये आता सगळ्यांच्या तोंडी आहे. डोजो म्हणजे कारखान्याच्या आतली सरावाची खोली. पोहायला शिकताना पाठीला भोपळा बांधतात, तशी ही सोय : चुकले तरी गाडी बिघडत नाही, लाइन अडत नाही, कोणी ओरडत नाही. तिथे बोल्ट हाताने बसवून, मग टॉर्क रेंचने आवळायला शिकवतात. योग्य जोर लागला की रेंच ‘टक्’ असा आवाज करतो आणि हाताला हलका झटका जाणवतो. मग त्या बोल्टवर मार्करने खूण करायची, म्हणजे तो आवळून झाल्याची नोंद झाली. सुरुवातीला मुलींचा हात एकतर आवाजाच्या आधीच सुटतो किंवा भीतीपोटी आवाजानंतरही दाबत राहतो. शेकडो वेळा केल्यावर आवाज यायच्या क्षणी हात आपोआप थांबतो. ताकदीपेक्षा लय महत्त्वाची आहे, हे तेव्हा कळते. ‘यासाठी पुरुषी जोर लागतो’ हा समज कोणी भाषण देऊन खोडावा लागत नाही. रेंचच तो खोडून काढतो.

लाइनवर आल्यावर भिंतीवरचा एक तक्ता महत्त्वाचा ठरतो. त्याला स्किल मॅट्रिक्स म्हणतात. डावीकडे कामगारांची नावे, वर त्या लाइनवरची कामे, आणि प्रत्येक चौकोनात चार भाग केलेले एक वर्तुळ. कारखान्यागणिक व्याख्या थोड्या बदलतात, पण साधारण रीत अशी : काम माहीत आहे पण अजून करता येत नाही, तेव्हा वर्तुळाचा पाव भाग भरलेला. देखरेखीखाली करता येते, तेव्हा अर्धा. एकटीने, वेळेत आणि बिनचूक करता येते, तेव्हा पाऊण. दुसऱ्याला शिकवता येते, तेव्हा पूर्ण. आत्मविश्वासाच्या दृष्टीने या साध्या तक्त्याइतके उपयोगी साधन क्वचितच सापडेल. ‘मला जमेल का?’ या धूसर प्रश्नाचे त्यात लहान लहान तुकडे होतात. ‘मला अजून वायपर मोटर बसवता येत नाही, पण दरवाज्याचे सील लावता येते,’ असे मुलगी स्वतःबद्दल नेमके बोलू शकते. स्वतःच्या क्षमतेबद्दल इतके नेमके बोलायची सवय शाळेत सहसा लागत नाही. तिथे ‘हुशार’ आणि ‘ढ’ एवढे दोनच शिक्के असतात.

बांडुरांची दुसरी वाट याच तक्त्यावर दिसते. ज्या मुलीची वर्तुळे पूर्ण भरली आहेत, ती दोन वर्षांपूर्वी आपल्याच तालुक्यातून आली आणि आपल्यासारखीच मराठी माध्यमात शिकली, हे नव्या मुलीला कळते. आदर्श व्यक्ती आपल्याशी जितकी मिळतीजुळती, तितका तिचा परिणाम अधिक, असे बांडुरांचे निरीक्षण आहे. महिला दिनाला एखाद्या नामवंत बाईंना भाषणाला बोलावणे चांगलेच. पण त्या बाईंचे यश ऐकणाऱ्या मुलीला ‘त्या वेगळ्या आहेत’ असे वाटू शकते. लाइनवरच्या शेजारच्या स्टेशनवर, म्हणजे कामाच्या जागेवर, असलेल्या ताईबद्दल तसे म्हणता येत नाही. त्यामुळे नव्या मुलीला शिकवायचे काम पूर्ण वर्तुळाच्या मुलीकडे देणे हा सर्वांत शहाणा निर्णय असतो. त्यात शिकवणारीचाही विश्वास पक्का होतो.

शब्दांचा उपयोग होतो, मात्र ते शब्द नेमके असले तरच. ‘छान करतेस’ या शाबासकीवर कोणी फारसा विश्वास ठेवत नाही. ‘तुझ्या स्टेशनवरून महिनाभरात एकही रीवर्क आला नाही’ हे वाक्य मात्र मुलगी गावी फोन करून सांगते, कारण त्यात पुरावा आहे. उलट ‘बाईमाणसाला नाइट झेपत नाही’ असे सुपरवायझरने सहज म्हटलेले वाक्य अनेक आठवड्यांची कमाई धुऊन टाकते. सुपरवायझरच्या प्रशिक्षणात या गोष्टीला जेवढी जागा मिळायला हवी, तेवढी अजून मिळत नाही.

शंका आणि धीर यांची खरी परीक्षा होते ती अँडॉनच्या दोरीपाशी. काम करताना काही चुकले, सुटा भाग बसेना, वेळ पुरेना, तर कामगाराने ही दोरी ओढायची किंवा बटण दाबायचे. वर दिवा लागतो, लीडर धावत येतो, आणि ठरावीक वेळात प्रश्न सुटला नाही तर लाइन थांबते. पद्धत अशी की, दोष पुढे जाऊ देण्यापेक्षा लाइन थांबलेली बरी. पण एक लाइन थांबली की अनेक माणसे थांबतात आणि सगळ्यांच्या नजरा त्या स्टेशनकडे वळतात. जन्मभर ‘कोणाला त्रास देऊ नकोस’ हेच ऐकत वाढलेल्या मुलीला ही दोरी ओढणे सर्वांत जड जाते. ती घाईघाईने स्वतःच दुरुस्त करू पाहते, किंवा कोणाच्या लक्षात येणार नाही अशी आशा धरते. ‘मला इथे मदत हवी’ असे मोठ्याने म्हणणे हे तिला आपल्या कमीपणाची कबुली वाटते. प्रत्यक्षात काम समजलेल्या माणसालाच चूक ओळखता येते. पहिल्यांदा दोरी ओढल्यावर लीडरने काय केले, यावर पुढचे बरेच काही ठरते. कपाळाला आठ्या घातल्या तर ती मुलगी पुन्हा सहसा दोरीला हात लावत नाही. ‘बरे झाले थांबवलेस’ म्हटले तर त्या दिवसापासून ती लाइन तिची होते.

लाइनवरून वर, अभियंता किंवा शिफ्ट इन-चार्ज या पातळीवर गेल्यावर शंकेचे रूप बदलते. पॉलिन क्लॅन्स आणि सुझान आइम्स या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये दीडशेहून अधिक कर्तबगार स्त्रियांशी केलेल्या कामावरून असे मांडले की, यश मिळूनही अनेक जणींना ते नशिबाने किंवा कोणाच्या चुकीने मिळाले असे वाटते, आणि आपले पितळ कधीतरी उघडे पडेल ही भीती त्यांना सतावते. औद्योगिक पट्ट्यात या भीतीला एक जादा खतपाणी मिळते. कंपन्या स्त्रियांचे प्रमाण वाढवायचे लक्ष्य जाहीर करतात, आणि मग बढती मिळालेल्या बाईला ‘बाई आहे म्हणून मिळाली’ हे कधी समोर, कधी पाठीमागे ऐकावे लागते. ऐकून ऐकून तिलाही तसेच वाटू लागते. यावर उपाय पुन्हा पुराव्याचाच आहे : आपल्या पाळीचे उत्पादन, रिजेक्शनचे प्रमाण, सुटलेले प्रश्न यांची स्वतःची नोंद ठेवणे. रुचिका तुलशान आणि जोडी-अ‍ॅन बुरे या लेखिकांनी २०२१ मध्ये क्लॅन्स-आइम्स यांच्या संकल्पनेवरच एक रास्त आक्षेप घेतला. त्यांचे म्हणणे असे की, जागाच स्त्रियांना परके ठरवत असेल, तर त्यातून येणाऱ्या अस्वस्थतेला बाईच्या मनाचा आजार म्हणू नये.

हा आक्षेप चाकणला तंतोतंत लागू पडतो. शंका पुष्कळदा मनातली नसतेच, ती परिस्थितीचा अचूक अंदाज असते. स्त्रियांचे स्वच्छतागृह लाइनपासून दहा मिनिटांवर आणि सुट्टीही दहाच मिनिटांची असेल, तर मुलगी पाणी पिणे कमी करते, थकते, चुकते, आणि मग स्वतःला कमकुवत समजते. हातमोजे पुरुषांच्या मापाचे, प्लॅटफॉर्मची उंची पुरुषांच्या खांद्याला बेतलेली, तरी तेच. कंपनीची बस खोलीपासून लांब, अंधाऱ्या चौकात सोडणार असेल, तर रात्रपाळीला ‘नको’ म्हणणाऱ्या मुलीत धीराचा अभाव शोधणे अन्यायाचे आहे. ठरावीक संख्येहून अधिक कर्मचारी असलेल्या कारखान्यात पाळणाघराची, आणि दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समितीची तरतूद कायद्याने बंधनकारक केलेली आहे. समितीतल्या सदस्यांची नावे कॅन्टीनजवळ ठळकपणे लावलेली असणे हेसुद्धा आत्मविश्वासाचेच काम करते. देशातल्या कारखान्यांतल्या स्त्री कामगारांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक एकट्या तामिळनाडूत आहेत. तिथल्या मुली मराठी मुलींपेक्षा जन्मतः धीट आहेत असे कोणी म्हणणार नाही. तिथे कारखान्यांना जोडून वसतिगृहे आणि बसगाड्या आधी उभ्या राहिल्या.

कारखान्याबाहेरही हा विश्वास कामाला येतो. मोशी, भोसरी, कुरुळी, महाळुंगे, खराबवाडी इथे चार-चार जणी मिळून एक खोली घेतात. भाडे ठरवणे, गॅसची जोडणी, घरमालकाशी बोलणे, बँकेत स्वतःचे खाते चालवणे, गुरुवारच्या सुट्टीत आठवड्याचा बाजार भरणे, हे सगळे त्या पहिल्यांदाच कोणाला न विचारता करतात. घरी पैसे जाऊ लागले की घरातल्या चर्चेत त्यांचे मत विचारले जाते. लग्नाची घाई वर्ष-दोन वर्षे पुढे ढकलली जाते. ही कमाई लहान नाही. तरी ती पगाराच्या पुढच्या तारखेवर उभी असते, हेही तितकेच खरे.

या पट्ट्यातल्या बहुसंख्य मुली ट्रेनी, अ‍ॅप्रेंटिस किंवा कंत्राटी म्हणून लागतात. दोन-तीन वर्षांची मुदत संपली की अनेकींना बाहेर पडावे लागते, आणि स्किल मॅट्रिक्सवरची भरलेली वर्तुळे भिंतीवरच राहतात. नव्या कंपनीत पुन्हा पाव वर्तुळापासून सुरुवात, पुन्हा तोच प्रश्न. यातून मार्ग काढणाऱ्या काही योजना आहेत. टाटा मोटर्सच्या ‘कौशल्य’ उपक्रमात काम करता करता शिकून पदविका किंवा पदवीपर्यंत जाता येते. १९६१ च्या अ‍ॅप्रेंटिस कायद्याखाली नोंदणी झालेल्या उमेदवाराला प्रशिक्षण पूर्ण केल्यावर परीक्षा देऊन देशभर चालणारे प्रमाणपत्र मिळवता येते. २०१६ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय अ‍ॅप्रेंटिसशिप प्रोत्साहन योजनेत केंद्र सरकार विद्यावेतनाचा काही भाग उचलते. म्हणून कामावर रुजू होतानाच तीन गोष्टी विचारून घ्याव्यात : आपली नोंदणी कायद्याखाली अ‍ॅप्रेंटिस म्हणून झाली आहे की नुसतीच कंत्राटदाराकडे, मुदतीअंती कोणते प्रमाणपत्र मिळणार, आणि कोणकोणत्या स्टेशनवरचे काम आपण स्वतंत्रपणे केले याचे लेखी पत्र मिळेल का. ज्या कारखान्यांत असे पत्र द्यायची पद्धत आहे, तिथून बाहेर पडलेली मुलगी पुढच्या मुलाखतीत स्वतःची ओळख कामाने करून देऊ शकते. ही पद्धत सगळीकडे सुरू व्हायला एखाद्या नव्या कायद्याची गरज नाही. मनुष्यबळ विभागाने एका कागदावर सही करायची आहे.